सगळ्या प्रकारच्या फोटोंसाठी एकच कॅमेरा घ्यायचाय? मग बॉडीच्या आधी हे ठरवा

प्रवास, घरातले कार्यक्रम, पळणारी पोरं, पक्षी, फुलावरचे किडे, रात्रीचं आकाश, मधूनच एखादा व्हिडिओ, हे सगळं एकाच कॅमेऱ्यात व्हावं असं कोणाला वाटणार नाही? पण हे सगळं सारखंच भारी काढणारा कॅमेरा कोणी बनवलेला नाही, कारण यातल्या निम्म्या गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात. पक्ष्यांना लांब लेन्स लागते, लांब लेन्स जड असते, आणि जड बॅग प्रवासात घरीच राहते. अंधाऱ्या हॉलमध्ये मोठं अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) लागतं आणि मोठं अपर्चर, वर त्यात मोठा झूम म्हणजे परत वजनच. क्रिकेटमधला ऑलराउंडर बघा ना, तोही मुळात बॅट्समन तरी असतो नाहीतर बॉलर तरी, दोन्ही थोडं थोडं येणाऱ्याला टीममध्ये कोणी घेत नाही. तेव्हा "सगळ्यात चांगला कॅमेरा कुठला" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि "माझं कुठलं काम फसलं तर मला चालणार नाही" ते आधी ठरवा. बाकीची कामं चालवून नेता येतात.

हे ठरवायला मोबाईलची गॅलरी उघडा. चांगले आलेले फोटो बघायचे नाहीत, फसलेले बघायचे. हललेले किती, अंधारात चिखल झालेले किती, आणि बोटांनी झूम करून करून शेवटी नुसते ठिपके दिसणारे किती? पळणारं पोर किंवा कुत्रं हललेलं असेल तर तुम्हाला फास्ट शटर (क्षणभरच उघडणारं) आणि चांगला ऑटोफोकस हवा, अंधारात बोंब असेल तर मोठ्या अपर्चरची लेन्स हवी, लांबचं हाती लागत नसेल तर टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी. आधीपासून कॅमेरा असेल तर आणखी सोपं, फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्सचा मिमीमधला आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) लिहिलेली असते, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर फिल्टरही लावता येतो, आणि बहुतेकांचं असं दिसतं की झूमच्या दोन टोकांनाच गर्दी आहे आणि मधे शुकशुकाट. वाइड (रुंद दिसणाऱ्या) टोकाला गर्दी म्हणजे जागा कमी पडतेय, लांबच्या टोकाला गर्दी म्हणजे पोच कमी पडतेय, उत्तर तिथेच मिळतं.

आणि एक, मोबाईल ज्यात आधीच चांगला आहे त्यासाठी कॅमेरा घेऊ नका. मोबाईलचा मेन कॅमेरा साधारण २४-२६ मिमी इतका वाइड असतो आणि दिवसाउजेडी स्थिर गोष्टी तो इतक्या बऱ्या काढतो की साध्या किट लेन्सचा (कॅमेऱ्याबरोबरच मिळते तिचा) जेपीजी शेजारी ठेवला तर घरच्यांना फरक कळणार नाही. कॅमेऱ्याचा फायदा दिसतो तो लांबच्या गोष्टीत, हलणाऱ्या गोष्टीत, अंधारात माणसं काढताना, फ्लॅश वापरताना, आणि रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल) घेऊन नंतर त्यावर मेहनत करायची असेल तेव्हा.

आता सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला उजेड टिपणारा तुकडा. इथे लोक फार अडकतात म्हणून आकडे सांगून मोकळा होतो. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा त्याहून किंचित छोटा. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमी. आणि मोठमोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांत जो १/२.३ इंची असतो तो साधारण ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे फुल फ्रेमच्या क्षेत्रफळाच्या तिसाव्या भागाएवढा. फुल फ्रेम ते एपीएस-सी हा फरक एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), फुल फ्रेम ते मायक्रो फोर थर्ड्स दोन स्टॉप. ऐकायला मोठं वाटतं, पण हे दोन स्टॉप लेन्सने भरून काढता येतात, ते पुढे बघूच. मोठा सेन्सर घेतला की त्याच्या लेन्सही मोठ्या आणि महाग होतात हे मात्र बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेताना कोणी सांगत नाही. माझं मत सरळ आहे, सगळं थोडं थोडं करणाऱ्या माणसाला एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स पुरतो, फुल फ्रेम त्याने घ्यावा ज्याचं मुख्य काम कमी उजेडात माणसं काढणं किंवा रात्रीचं आकाश आहे आणि ज्याला वजनाचं काही वाटत नाही.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. ए४ कागदावर ३०० डीपीआयने छापायला साधारण ८.७ मेगापिक्सेल लागतात आणि ४के स्क्रीनवर ८.३ दिसतात, म्हणजे २४ मध्येसुद्धा कापाकापी करायला भरपूर शिल्लक राहतं. ४० मेगापिक्सेलवाल्यांचा खरा फायदा पक्षीवाल्यांना, दीडपट क्रॉप केलं तरी जवळजवळ १८ मेगापिक्सेल उरतात. बाकीच्यांची फक्त हार्ड डिस्क भरते.

खरा खेळ लेन्सचा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. एक प्रसंग घ्या, संध्याकाळची वेळ, घरात ट्यूबलाइट, आणि दोन वर्षांचं पोर सोफ्यावरून उड्या मारतंय. हालचाल गोठवायला कमीत कमी १/२५० सेकंदाचं शटर हवं, उडी हवेतच पकडायची असेल तर १/५०० बरं. किट लेन्स ५५ मिमीला झूम केली की तिचं अपर्चर एफ/५.६ वर येऊन बसतं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), समजा तिथे कॅमेरा १/२५० साठी १२८०० आयएसओ मागतोय (कमी उजेडात फोटो उजळ करायला आयएसओ वाढवतात), म्हणजे फोटोत वाळू पसरल्यासारखे दाणे दिसणार. तिथेच एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स लावा, उजेड जवळजवळ दहापट येतो, तोच फोटो १२५० च्या आसपास आयएसओवर निघतो. कॅमेरा तोच, पोर तेच, ट्यूबलाइटही तीच. आता सांगा, अशा माणसाने बॉडी बदलायला पैसे घालवायचे की एक प्राइम घ्यायची? एपीएस-सी ते फुल फ्रेम उडी मारून एकच स्टॉप आणि चिल्लर मिळणार होती, इथे तीन स्टॉपपेक्षा जास्त मिळाले, तेही बहुतेक कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एकीने. म्हणून बजेट कितीही असो, बॉडीवर सगळं उडवू नका, निम्म्याच्या आसपास लेन्ससाठी बाजूला ठेवा, आणि तेवढं उरत नसेल तर बॉडी एक पायरी खालची घ्या. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटायला लागते, चांगली लेन्स तुमच्या पुढच्या दोन बॉडींना पुरते.

किती मिमी कशासाठी, हे फुल फ्रेमच्या हिशेबात लक्षात ठेवा. १६ ते २४ डोंगरदऱ्या, इमारती, रात्रीचं आकाश. ३५ आणि ५० रोजचं जगणं, रस्ता, घर. ८५ ते १३५ चेहरे. २०० च्या पुढे स्टेज आणि मैदानावरचे खेळ, आणि पक्ष्यांना ४०० पासून सुरुवात, लहान पक्षी असेल तर ६०० सुद्धा कमी पडतात. तुमचा सेन्सर एपीएस-सी असेल तर लेन्सवरच्या आकड्याला दीडने गुणा, कॅननला १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्सला दोनने. म्हणजे मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० ची लेन्स ६०० सारखी दिसते, आणि ती पिशवीत मावते, म्हणून ट्रेकला जाणारे पक्षीवाले त्या सिस्टिमवर इतके खूष असतात.

आता प्रत्यक्ष जोड्या कशा जमवायच्या ते बघू. लेन्स बदलायचा तुम्हाला मनापासून कंटाळा असेल तर ते स्वतःशी कबूल करा, त्यात कमीपणा नाही. अशांसाठी एक रस्ता म्हणजे लेन्स कायमची बसवलेला मोठा ब्रिज कॅमेरा. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा २०१७ चा, तरी अजून लोक शोधत असतात, एक इंची सेन्सर, २४ ते ६०० मिमी आणि अपर्चर एफ/२.४ ते ४, वजन साधारण १.१ किलो. दिवसाच्या प्रवासात लेकरापासून गरुडापर्यंत सगळं निघतं, रात्री घरात मात्र सेन्सर छोटा असल्याचं जाणवतं. निकॉनचा पी१००० तर ३००० मिमीपर्यंत जातो, चंद्र अख्खी फ्रेम भरतो, बघणारे वेडे होतात, पण आत तोच १/२.३ इंची सेन्सर आहे, लांबच्या टोकाला अपर्चर एफ/८, वजन १.४ किलो, आणि तिकडे नुसता श्वास घेतला तरी फ्रेम हलते. चंद्र आणि लांब बसलेले पक्षी हाच छंद असेल तर घ्या, ऑलराउंडर म्हणून मी तो कोणाला सुचवणार नाही. खिशात मावणारा हवा असेल तर सोनीच्याच आरएक्स१०० मार्क ७ मध्ये २४-२०० मिमी आणि एक इंची सेन्सर ३०० ग्रॅमच्या आसपास मिळतो.

दुसरा रस्ता, लेन्स बदलणारी बॉडी पण त्यावर एकच लांब झूम. एपीएस-सीसाठी टॅमरॉनची १८-३०० आहे, मायक्रो फोर थर्ड्ससाठी ऑलिंपसची १२-१०० एफ/४, जी २४-२०० सारखी चालते आणि कोपऱ्यापर्यंत कुरकुरीत फोटो देते. सुपरझूम म्हटलं की जाणकार मंडळी नाक मुरडतात, कडा मऊ येतात, लांबच्या टोकाला अपर्चर एफ/६.३, वगैरे वगैरे, खरंय ते, पण धुळीत लेन्स बदलण्यापेक्षा आणि बदलेपर्यंत क्षण निघून जाण्यापेक्षा मऊ कडा परवडल्या. अशा झूमबरोबर घरासाठी एक छोटी प्राइम बॅगेत टाकली की बरंचसं भागतं.

तिसरा रस्ता मला स्वतःला सगळ्यात पटतो, एफ/२.८ चा छोटा झूम आणि नंतर सवडीने टेली. सिग्माची १८-५० एफ/२.८ सोनी, फुजी आणि कॅननसाठी मिळते, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किट लेन्सच्या पंगतीत बसेल इतकी छोटी आणि झूम केल्यावर किटच्या चौपट उजेड देणारी. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ जास्त पोच देते, तिच्यात स्टॅबिलायझेशनही (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे, पण ती अर्ध्या किलोच्या वर जाते. निकॉनच्या झेड५०-२ बरोबर मिळणारी १६-५० आणि ५०-२५० ची जोडीही हलकी आणि चांगली आहे, नव्याने शिकणाऱ्याला मी ती आनंदाने सुचवेन, त्यात एक प्राइम मात्र लवकर घालावी लागते कारण दोन्ही झूम अंधारात कमी पडतात.

मॅक्रोसाठी, म्हणजे किडे-फुलं अगदी जवळून काढायला, लगेच वेगळी लेन्स घेऊ नका. आधी एक्सटेन्शन ट्यूब वापरून बघा, त्यात काच नसतेच, नुसती पोकळ नळी लेन्स आणि बॉडीच्या मधे बसते आणि लेन्स जवळ फोकस करायला लागते. ऑटोफोकसचे संपर्क असलेली ट्यूब घ्या. किडे खरंच आवडायला लागले की मग १:१ वाली (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटवणारी) मॅक्रो लेन्स.

ऑटोफोकस हा जुन्या आणि नव्या कॅमेऱ्यांतला सगळ्यात मोठा फरक. आताचे कॅमेरे माणसाचा डोळा, प्राणी, पक्षी, गाड्या ओळखून धरून ठेवतात, सोनी ए६७००, निकॉन झेड५०-२, कॅनन आर१०, फुजी एक्स-एस२० या मधल्या पायरीच्या बॉडींमध्येही हे आलंय. पोरं आणि पक्षी काढणाऱ्याने इथे कंजुषी करू नये. ज्याचं काम डोंगर, इमारती आणि फुलं आहे त्याने यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

स्टॅबिलायझेशनबद्दल एक गैरसमज फार आहे. ते फक्त तुमच्या हाताचं हलणं थांबवतं, समोरच्याचं नाही. रात्री देवळाचं शिखर किंवा पूल हातात धरून अर्ध्या सेकंदाला काढता येईल, पण त्यासमोरून चालणारा माणूस भुतासारखाच येणार. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर प्राइमलाही त्याचा फायदा मिळतो. ए६७००, एक्स-एस२०, कॅनन आर७ मध्ये ते आहे, झेड५०-२ आणि आर१० मध्ये नाही, तिथे लेन्समध्ये आहे का ते बघून घ्या.

डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा) की मिररलेस (आरसा नसलेला), याचं उत्तर आता काळानेच दिलंय, २०२० नंतर कॅनन आणि निकॉनने सगळं लक्ष मिररलेसवर वळवलं. नवीन घेत असाल तर मिररलेसच घ्या. पण सेकंडहँड बाजारात डीएसएलआर मातीमोल झालेत आणि बजेट अगदी तुटपुंजं असेल तर निकॉन डी७५०० सारखी २०१७ ची बॉडी आजही उत्तम फोटो देते, एका चार्जवर अधिकृत चाचणीप्रमाणे ९५० फोटो काढते, जिथे बरेच मिररलेस तीन-चारशेवर दमतात. घरात जुन्या लेन्स पडल्या असतील तर ॲडॉप्टरचं (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) आधी तपासा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आर बॉडीवर झकास चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे ज्या जुन्या लेन्स बॉडीच्या मोटरवर चालायच्या त्यांना हाताने फोकस करावा लागतो, आजोबांच्या लेन्सच्या भरवशावर निकॉन घेणाऱ्यांची इथे निराशा होते.

व्हिडिओ अधूनमधून काढणार असाल तर आता कुठलाही कॅमेरा पुरतो, फक्त माइक लावायचं भोक आहे ना आणि ४के करताना कडा कापल्या जातात का एवढं बघा. व्हिडिओच मुख्य काम असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

यादी दोन-तीन मॉडेलवर आली की हातात घेऊन बघितल्याशिवाय ठरवू नका. करंगळी ग्रिपवर टेकते का खाली लोंबकळते? व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावा आणि डोळा न हलवता आयएसओ बदला, फोकसचा पॉइंट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्या, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कमी-जास्त करा. हे तीन करताना बटणं शोधावी लागली तर लग्नात किंवा जंगलात तुम्ही ऑटो मोडवरच राहणार हे नक्की. चष्मा असेल तर तो घालून चारही कोपरे दिसतात का बघा. मग सगळ्यात लांब लेन्स लावून कॅमेरा गळ्यात घालून दुकानात पंधरा मिनिटं फिरा, विक्रेत्याला काय वाटायचं ते वाटू द्या. पाऊस-धुळीचा संबंध येणार असेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही सीलबंद हव्यात, नुसती बॉडी असून उपयोग नाही, पाणी माउंटच्या (लेन्स बॉडीला बसते त्या जागेच्या) फटीतून आत जातं.

इलेक्ट्रॉनिक शटरवर फार भाळू नका. आवाज येत नाही हे छान, पण या पायरीच्या बॉडींमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे जोरात फिरणारी बॅट वाकडी येते आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटतात. स्टेजचे कार्यक्रम काढणाऱ्याने मेकॅनिकल शटर असलेलीच बॉडी घ्यावी.

बजेट करताना बॉडी आणि लेन्सच्या पलीकडचंही धरा. एक जादा बॅटरी, कंपनीचीच. व्ही३० (कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेली दोन एसडी कार्डं, तेवढी साध्या ४के व्हिडिओलाही पुरतात. आणि शक्य झालं तर डोकं वर वळणारा एक फ्लॅश, कारण छताकडे वळवून मारलेला फ्लॅश घरातल्या फोटोंचं जे भलं करतो ते कुठलीच महागडी बॉडी करत नाही, फक्त छत पांढरं आणि फार उंच नसावं.

सेकंडहँड घेत असाल तर स्वतःचं कार्ड घेऊन जा. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत द्या, घासाघीस करत बसू नका. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही. मग अपर्चर एफ/१६ ला ठेवून कोऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो घ्या, सेन्सरवरचे डाग काळे ठिपके होऊन दिसतील, ते साफ होतात, पण ओरखडा असेल तर साफ होत नाही. लेन्सवर टोपण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर घ्या आणि पेटलेले रंगीत पिक्सेल मोजा. मधल्या पायरीच्या बऱ्याच बॉडींचं शटर एक ते दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं, तेव्हा शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले तो आकडा) विचारा आणि तो फोटोच्या माहितीतून पडताळता येत असेल तर पडताळा. झूमची रिंग पूर्ण फिरवून बघा, मधे अडकते का, लेन्स खाली धरल्यावर आपोआप लांब होते का. फ्लॅशचा बूट (वर फ्लॅश अडकवायची खाच), कार्डाचं दार, चार्जिंगचं भोक, सगळी डायल, एकेक करून वापरा. शेवटी चेहऱ्यांचे आणि लांबच्या पाटीचे पंचवीस-तीस फोटो काढून कार्ड घरी न्या, मोठ्या स्क्रीनवर उजवी आणि डावी कड सारखी धारदार आहे का बघा, एक बाजू मऊ असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे. हे सगळं बघून झाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि विकणारा घाई करायला लागला तर दुसरा शोधा.